पाचवा फर्मा

"जे पाच वर्षं सलग छापून आलेत, त्यांना या वर्षी पुस्तकातून गाळायचं," नाना म्हणाले आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसू लागले.

मुरलीशेठ तवट्यांच्या भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर बैठक चालली होती. खाली भांड्यांवर नावं घालायचं मशीन मधूनमधून किरकिरायचं, तेवढा वेळ सगळे गप्प बसायचे. तुळशीची लग्नं होऊन गेली होती आणि जानेवारीतल्या मेळाव्याची तयारी सुरू झाली होती.

आमचा समाज लहान. पिढीजात धंदा भांड्यांचा. दर वर्षी नगरला एका मंगल कार्यालयात वधू-वर परिचय मेळावा व्हायचा आणि त्यात लग्नाच्या मुलामुलींचं एक पुस्तक वाटलं जायचं. एका पानावर चौघं. प्रत्येकाचा फोटो, जन्मतारीख, उंची, शिक्षण आणि तळाला अपेक्षा. हे सगळं माझे वडील, यशवंत रासने, म्हणजे नानाच, सांभाळायचे. एसटीच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून ते मेळाव्याचे चिटणीस होते. मी इथल्या एका दैनिकात उपसंपादक होते, म्हणून पुस्तकाची पानं लावायचं काम माझ्याकडे. त्यामुळे पानं लावणाऱ्याची मजुरी वाचायची.

नानांनी असं बरंच काही वाचवलं होतं. मेळाव्याच्या कापडी फलकावर साल नसायचं. सालाची वेगळी पट्टी शिवून वर अडकवायची, फलक तोच. उमेदवारांच्या छातीवर लावायचे नंबरचे बिल्ले जाताना दारात परत घेतले जायचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले जायचे. निमंत्रणपत्रिका उरल्या की त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर वर्षभर बैठकांचे वृत्तांत. त्या दिवशीही मी कोपऱ्यात बसून तशाच एका पत्रिकेच्या पाठीवर वृत्तांत लिहीत होते.

"गाळायचं म्हणजे काय?" प्रमिलाकाकूंनी विचारलं. कमिटीत बाई म्हणून त्या एकट्याच.

"छापायचं नाही. मेळाव्याला यावं, स्टेजवर बोलावं, जेवून जावं. फक्त पुस्तकात नाही. जुनी पुस्तकं घरोघर आहेतच. तोच फोटो, तीच उंची. पुन्हा छापली म्हणून उंची वाढत नाही."

लोक हसले. मुरलीशेठही हसले. ते अध्यक्ष होते.

"वाचेल किती?"

"तीन-चार पानं."

"एवढंच?"

"मुरलीशेठ, कागदाचा भाव माहितीये का? तुमच्या पितळेसारखा झालाय."

"मग गाळा. काय हरकत आहे? किती जण आहेत असे?"

"तेरा," नाना म्हणाले. कुठल्या कागदात न बघता म्हणाले.

मुरलीशेठनी मान डोलावली आणि मग ती मध्येच थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चिवड्याच्या बशीकडे पाहत म्हणाले, "नाना, पण मग त्यात आपली शैला…"

"आहे ना. तिची नऊ वर्षं झाली."

"तसं नाही, चिटणिसाच्या मुलीचं…"

"चिटणिसाची मुलगी म्हणून वेगळा नियम करायचा का?"

खाली मशीन किरकिरलं. कुणाच्या तरी रुखवताच्या कळशीवर नाव चढत होतं. प्रमिलाकाकूंनी माझ्याकडे पाहून ओठ दाबले, आजाऱ्याला भेटायला गेल्यावर दाबतात तसे. मी लिहिलं, ठराव एकमताने मंजूर.

घरी आम्ही चालत गेलो. नाना रिक्षा करत नसत. कोपऱ्यावर त्यांनी मेथीची जुडी घेतली, ती नीट पाहून परत दिली आणि दुसरी घेतली.

"हे मला आधी सांगायचं होतं, नाना."

"बैठकीत सांगितलं की."

"सगळ्यांदेखत."

"नियम सगळ्यांदेखतच करायचा असतो." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "मेथी निवडशील का मी निवडू?"

"तुम्ही निवडा. मला ड्यूटी आहे."

बातमी लांबली की मी खालून कापायचे. पहिल्या परिच्छेदात मुख्य मजकूर असतो, शेवटी असतं ते गेलं तरी वाचणाऱ्याला कळत नाही. त्या दिवशी ऑफिसात बसून मी एका पाणीटंचाईच्या बातमीचे शेवटचे दोन परिच्छेद उडवले. पान वेळेत गेलं. मला फारसं काही वाटलं नाही. दमल्यासारखं झालं होतं, पण ते रोजचंच होतं.

माझा पहिला फॉर्म आईनं भरला होता. गव्हाळ, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, हे तिचे शब्द. अपेक्षांच्या जागी तिनं तीन ओळी लिहिल्या होत्या: पदवीधर, कायम नोकरी, स्वतःचं घर, पुण्या-मुंबईकडचा असल्यास उत्तम, एकत्र कुटुंब चालेल. चौथ्या वर्षी आई गेली. नंतर दर वर्षी नाना तिच्या फॉर्मवरून नवा फॉर्म उतरवून काढायचे आणि मी सही करायचे. अपेक्षांमधून आधी पुणं-मुंबई गेली, मग घर गेलं, मग पदवी. शेवटच्या पुस्तकात नुसतं "निर्व्यसनी" एवढंच होतं. एक शब्द. पान लावताना माझ्या चौकोनात खाली बरीच जागा उरली होती, तिथं मी शेजारच्या मुलाच्या मामाचा पत्ता सरकवला होता.

मेळाव्यात बिल्ला लावून बसायचं. नंबर पुकारला की स्टेजवर जाऊन माइकसमोर नाव, शिक्षण, नोकरी सांगायची. मग खाली उतरून पुन्हा बसायचं. उमेदवारांची पंगत सगळ्यात शेवटी, म्हणजे लोकांना त्यांना भेटता यावं. त्या पंगतीत समोर बायका उभ्या राहायच्या. ताटात काय घेतलं, किती घेतलं, दुसऱ्यांदा काय मागितलं, हे बघायला. पहिल्या वर्षी आई कानात म्हणाली होती, मठ्ठा मागू नको, नाकाला लागतो. ते मी नऊही वर्षं पाळलं.

हे मला नको झालं होतं का? झालं होतं. पण तसं मी कुणाला म्हटलं नव्हतं, कारण तसं कुणी विचारलं नव्हतं. आणि कुणी न विचारता चार पानांसाठी आपल्याला उचलून बाहेर ठेवलं, तेही बापानं, तेही चिवड्याची बशी फिरत असताना, ही गोष्ट घशाखाली उतरत नव्हती. नानांशी मी कामापुरतं बोलत होते. तेही तसंच बोलत होते. घरात दोघंच माणसं असली की अबोला धरायला फार कष्ट पडत नाहीत.

त्या रविवारी सकाळी इंदूमावशी अष्टेकर आल्या. सावेडीहून चालत आल्या असाव्यात, दम लागला होता. हातात तिळाच्या चटणीची बरणी. त्यांचा मुलगा रमाकांत माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा. भावाबरोबर क्रोकरीचं दुकान चालवायचा.

"नाना नाहीत?"

"दूध आणायला गेलेत. येतील इतक्यात."

"नसू देत. काम तुझ्याशीच आहे. पुस्तक तूच लावतेस ना?"

"लावते मी, ठरवते कमिटी."

"रमाकांतला काढला म्हणे."

"तेरा जणांना काढलंय, मावशी. मलाही काढलंय."

"तुझं वेगळं आहे बाई. तुला नोकरी आहे, चार लोक ओळखतात. पेपरात नाव येतं."

"माझं नाव येत नाही पेपरात. मी दुसऱ्यांच्या बातम्या कापते."

"तेच ते." त्यांनी बरणी माझ्या हातात दिली आणि खुर्चीवर टेकल्या. "हे बघ, त्याचं तुला माहितीये. बोलताना अडतो. दुकानात कसं, गिऱ्हाईक बोलतं, हा वस्तू काढून देतो. पण स्टेजवर गेला की त्याचं नाव तोंडातून बाहेर पडेपर्यंत लोक घड्याळ बघतात. मागच्या वर्षी 'रमा'वरच थांबला. कुणीतरी मागून हसलं. मी बघून ठेवलंय कोण ते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पुस्तकात नाही अडत तो. पुस्तकात सगळं सरळ छापलेलं असतं. दुकान, उत्पन्न, कुळ, सगळं. घरी बसून वाचणाऱ्याला काय कळतंय?"

मी बरणी टेबलावर ठेवली.

"वेगळे पैसे भरते म्हणावं नानांना."

"पैशांचं नाही मावशी."

"मग कशाचं आहे?"

पैशांचंच होतं, म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे.

"पुस्तकातून नाव गेलं की लोकं म्हणणार, आता आईनंसुद्धा हात टेकले," इंदूमावशी म्हणाल्या. "मी नाही टेकले अजून."

त्या उठल्या तेव्हा नाना दारात उभे होते. हातात दुधाची किटली. किती वेळ उभे होते कोण जाणे. इंदूमावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एक शब्द न बोलता पायऱ्या उतरून गेल्या.

"काय म्हणत होत्या?"

"रमाकांतला छापा म्हणत होत्या."

नानांनी दूध तापत ठेवलं आणि शेगडीसमोरच उभे राहिले. मी आतून पाहत होते. दूध वर आलं, किटलीभर दूध पातेल्याच्या कडेवरून ओट्यावर उतरलं, तरी ते तसेच उभे. मी जाऊन शेगडी बंद केली.

"लक्ष कुठंय, नाना?"

"अं? गेलं का उतू?" असं म्हणून त्यांनी फडकं घेतलं.

मंगळवारी ड्यूटीच्या आधी मी छापखान्यात गेले. कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत रज्जाकभाईंचा छापखाना होता. आमचं पुस्तक तिथंच व्हायचं. मी सगळी पानं क्रमानं लावून नेली होती, आता त्यांचा डमी करायचा होता. म्हणजे कोऱ्या कागदांना घड्या घालून खोटं पुस्तक करायचं, त्यावर पान नंबर टाकायचे आणि कुठलं पान कुठं पडतं ते बघायचं.

छपाईचं गणित साधं आहे. मोठ्या तावावर एकदम सोळा पानं छापतात आणि मग घडी घालतात. त्याला फर्मा म्हणतात. आमचं पुस्तक ऐंशी पानांचं, म्हणजे पाच फर्मे. तेरा जण गेले म्हणजे सव्वातीन पानं गेली. उरली पावणेसत्त्याहत्तर. पण पाचवा फर्मा निम्मा-अर्धा छापता येत नाही. तो पूर्णच छापावा लागतो, मजकूर असो वा नसो. फर्मा वाचवायचा तर अख्खी सोळा पानं गाळायला हवी होती.

मी घड्या घातल्या. शेवटची तीन पानं कोरी आली आणि त्यांच्या आधीच्या पानावर एक चौकोन कोरा.

एक दमडीही वाचत नव्हती. बैठकीतच हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, मी रोज हेच काम करत होते. पण स्वतःचं नाव निघालं की माणूस गणित करत नाही.

"रज्जाकभाई, चारमध्ये नाही बसत. पाच फर्मे लागतील."

"पाचच तर." ते शाईचे हात चिंधीला पुसत बाहेर आले. "कागद आलाय कधीचा. तो बघा."

भिंतीशी तपकिरी वेष्टनातली रिमं रचून ठेवली होती. वर नानांच्या अक्षरात 'मेळावा' लिहिलेलं.

"कधी आला?"

"दिवाळीच्या आधी. नाना स्वतः हातगाडीबरोबर आले होते. भाव चढणार म्हणाले."

"पाच फर्म्यांचा?"

"दर सालासारखा. मोजून घेतात, तुम्हाला माहिती आहे. एक ताव कमी नाही, एक ताव जास्त नाही." त्यांनी माझा डमी हातात घेऊन शेवटची पानं चाळली. "हे कोरं का?"

"थोडे उमेदवार कमी केलेत."

"कशाला?"

"कमिटीचा ठराव आहे," मी म्हणाले. "डमी राहू दे माझ्याकडे. उद्या आणते."

ऑफिसात न जाता मी घरी आले. नाना खाटेवर बसले होते. समोर बिस्किटांचा डबा, मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर बिल्ले पसरलेले. दर वर्षी मेळाव्याआधी ते बिल्ल्यांच्या वाकलेल्या पिना पकडीनं सरळ करायचे. नव्या घ्यायला नकोत म्हणून.

"लवकर आलीस."

"ड्यूटीला जायचंय अजून. नाना, कागद पाच फर्म्यांचा आलाय."

"हं."

"तेरा जण काढले तरी पाचच फर्मे लागतात."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी एक पिन पकडीत धरली, डोळ्यांजवळ नेली, दाबली. "अकरा वर्षं छापतोय मी ते पुस्तक."

"मग ठराव कशाला केला?"

पिन सरळ झाली होती, तरी ते दाबत राहिले. मग तो बिल्ला डब्यात टाकून त्यांनी दुसरा घेतला.

"मागच्या वर्षी दारात बिल्ला परत दिलास ना, त्याची पिन वाकडी होती."

"असेल. सगळ्यांच्याच असतात."

"सगळ्यांच्या असतात. तुझी नसते. आठ वर्षं तुझी पिन सरळ यायची. मागच्या वर्षी पार दुमडून टाकली होतीस. ती सरळ करताना तुटली."

मला ते आठवत नव्हतं. पंगतीत एका बाईनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला होता, ते आठवत होतं.

"आई असती तर तिनं फॉर्म भरलाच असता," नाना म्हणाले. "तिला थांबव म्हणायची माझी छाती झाली नसती. ती गेली, आणि मग मला माझाच हात थांबवता येईना. दिवाळी जवळ आली की जुना फॉर्म काढून बसायचो. हिनं सांगितलंय, मी कोण बंद करणार, असं वाटायचं."

"मग मला विचारायचं."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"तुम्ही म्हणाल तसं, म्हणाले असते."

"म्हणून नाही विचारलं. नियम केला. नियमानं काढलं की कुणाला काही वाटत नाही. ना लोकांना, ना तुला, ना…" त्यांनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं नाही, पण हात तिकडे हलला.

"मला वाटलं, नाना."

"ते दिसलं मला."

"आणि बाकीचे बारा?"

त्यांनी पकड खाली ठेवली. "एकट्या माणसासाठी नियम करता येत नाही. बारा जण मध्ये आले. ते आले हे मला त्या बाई दारातून गेल्या तेव्हा कळलं."

मी पिशवीतून डमी काढला आणि बिल्ल्यांवर ठेवला. "जागा आहे. तीन पानं आणि एक चौकोन. बारा जण शेवटच्या तीन पानांत बसतात."

नानांनी पानं चाळली. बोटानं मोजली. त्यांना मोजायची गरज नव्हती.

"सगळ्यांना विचारलं पाहिजे," ते म्हणाले. "पुन्हा परस्पर नको."

आधी त्यांनी मुरलीशेठना फोन लावला. "ठराव मागं घ्यावा लागेल. फर्म्याचा हिशोब माझा चुकला." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण नाना म्हणाले, "चुकतो की. माझाही चुकतो. वय झालं." आणि फोन ठेवला.

मग त्यांनी बारा घरं लावली. सहा-सात गावाबाहेरची होती. एसटीडीचे दर उतरायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागायचं, आणि आमच्याकडे त्याआधी कुणी बाहेरगावी फोन केल्याचं मला आठवत नाही. नाना थांबले नाहीत. भर दुपारी पूर्ण दरानं फोन करत बसले. प्रत्येक वेळी तेच वाक्य, एसटीच्या खिडकीतून बोलल्यासारखं: "मेळाव्याच्या कमिटीतून रासने बोलतोय. या वर्षीच्या पुस्तकात नाव छापायचं का, एवढं विचारायचं होतं."

बारा घरांतून बारा होकार आले. दिले ते आईनं किंवा बापानं, एका ठिकाणी थोरल्या वहिनीनं. ज्याचं नाव होतं, त्यानं स्वतः फोन घेतला असं एकही घर नव्हतं. संगमनेरच्या एका बाई म्हणाल्या, विचारायचं काय त्यात, छापा की. रमाकांत घरी असूनही फोनवर आला नाही, इंदूमावशीच बोलल्या. त्या मोठ्यानं बोलत होत्या, मला लांबून ऐकू येत होतं. "चांगला फोटो देते या वेळी. तो मागचा नका घालू."

मी घड्याळ पाहिलं. निघायला हवं होतं. चप्पल घालायला दाराशी गेले तर नाना म्हणाले, "थांब. एक राहिलंय."

ते अजून फोनपाशीच उभे होते. फोन उचलला नव्हता, पण आवाज मघाचाच होता.

"रासने, शैलजा यशवंत. या वर्षीच्या पुस्तकात नाव छापायचं का?"

माझं वाक्य तयार होतं. तुम्ही म्हणाल तसं. ते जिभेवर आलं होतं, नऊ वर्षांच्या सवयीनं.

"नको," मी म्हणाले.

"पुढच्या?"

"पुढच्याही नको."

"बरं," नाना म्हणाले आणि बिल्ले डब्यात गोळा करायला वाकले. "डबा नेतेस का? भाकरी आहे, मेथी आहे."

"द्या."

गुरुवारी आम्ही दोघं छापखान्यात गेलो. बारा जण शेवटच्या तीन पानांत बसले. रमाकांतचा नवा फोटो चांगला आला होता, कोट घातलेला. आता कोरा राहिला तो फक्त त्यांच्या आधीच्या पानावरचा चौकोन, उजव्या हाताला खाली.

"इथं काय टाकू?" रज्जाकभाईंनी विचारलं. "तवटेशेठच्या दुकानाचा ब्लॉक आहे माझ्याकडे. नाही तर कलश टाकतो, नाही तर 'शुभेच्छा'. जागा चांगली आहे. जाहिरातीचे पैसेसुद्धा येतील तुम्हाला."

मी नानांकडे पाहिलं. हा माणूस किराणा बांधून आलेल्या कागदावर हिशोब करायचा. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवायचा. एकदा निमंत्रणपत्रिकेच्या तळाला बोटभर जागा उरली, तर तिथं त्यानं एसटीचं वेळापत्रक छापून घेतलं होतं, आणि लोकांनी ती पत्रिका वर्षभर भिंतीला लावून ठेवली होती.

नानांनी चष्मा वर करून तो चौकोन जवळून पाहिला.

"राहू दे कोरा," ते म्हणाले.

"कोरा? नाना, बरं वाटतंय ना?"

"राहू दे म्हटलं ना."

रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. पुस्तक तसंच छापलं गेलं.

मेळाव्याच्या दिवशी मी दाराशी टेबलावर होते, पुस्तकं वाटायला. शेजारी नाना डबा घेऊन, बिल्ले द्यायला. कापडी फलकावर नव्या सालाची पट्टी थोडी तिरकी बसली होती. प्रमिलाकाकू दोनदा येऊन माझ्या पाठीवर हात फिरवून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांच्या हातात पुस्तकांचा गठ्ठा दिला आणि तो मागच्या रांगेला वाटायला सांगितला. रमाकांत स्टेजवर गेला. माइक धरला आणि सावकाश, मध्ये थांबत, पूर्ण नाव सांगितलं. पहिल्या रांगेत इंदूमावशी मागे वळून बसल्या होत्या, सभागृहाकडे तोंड करून. या वर्षी कुणी हसलं नाही.

दुपारी मुरलीशेठ पुस्तक चाळत टेबलापाशी आले आणि त्या पानावर थांबले.

"नाना, हे काय? इथं जागा वाया गेलीय."

"गेली खरी."

"आधी हिशोब चुकला, आता हे. माझं दुकान टाकायचं की तिथं. तुम्ही आणि कोरी जागा?"

"नजरेतून सुटलं," नाना म्हणाले आणि एका मुलाला बिल्ला लावून दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिली पंगत बसतेय. जाऊन बस. मी बघतो पुस्तकांचं."

"उमेदवार शेवटी बसतात ना?"

"उमेदवार शेवटी. तू जा."

मी गेले. दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं होती, वाढपी घाईत होते आणि समोर कुणी उभं नव्हतं. जिलबी घेतली, भात घेतला. मठ्ठ्याची बादली पुढे गेली होती, ती मी हाक मारून परत बोलावली.